जपानमध्ये स्क्रू मागताना : नेजी, बिसु आणि त्यांचं गोत

जपानी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन ‘सुकुर्यूऽ’ मागितलात, तर समोरचा माणूस क्षणभर गोंधळतो. इंग्रजी शब्दाला जपानी वळण दिलं की काम होतं, ही युक्ती तिथे पुष्कळ ठिकाणी चालते, पण स्क्रूच्या बाबतीत चालत नाही. जपानी कानाला सुकुर्यूऽ म्हणजे आधी बोटीच्या मागचा पंखा. ‘फास्नर’ म्हणालात तर त्याहून वाईट. फासुनाऽ म्हणजे बॅगेची किंवा पँटची चेन, आणि दुकानदार तुम्हाला शिवणकामाच्या कप्प्याकडे पाठवेल. आपण ज्याला स्क्रू म्हणतो त्याला रोजच्या बोलण्यात शब्द आहे ‘नेजी’.

हा शब्द मला पुण्यात जपानी शिकतानाच माहीत झाला होता. तोक्योमध्ये निशिकासाईला राहायला गेल्यावर मुलाच्या टेबलाचा एक स्क्रू हरवला, म्हणून दुकानात गेले. समोर भिंतभर छोटे खण होते आणि प्रत्येकावर चिठ्ठी होती, पण नुसतं ‘नेजी’ एकावरही लिहिलेलं नव्हतं. कुठे बिसु, कुठे मोकुनेजी, कुठे नाबे, कुठे सारा. त्या दिवशी मला कळलं की जपानीत स्क्रूला एक शब्द शोधण्यात अर्थ नाही. स्क्रू कशात जाणार, त्याचं डोकं कसं आणि माप किती, या तीन प्रश्नांची उत्तरं दिली की शब्द आपोआप हातात येतो. जपानला राहायला जाणाऱ्यांसाठी, आणि चाकण-रांजणगावात जपानी कंपन्यांची ड्रॉइंग हाताळणाऱ्यांसाठीही, मी तोच क्रम इथे मांडते आहे.

आधी उच्चाराबद्दल. लांब स्वर दाखवायला मी अवग्रह वापरला आहे. होऽमु म्हणजे ‘हो’ दुप्पट वेळ धरायचा. ‘नेजी’ची वेलांटी मराठी सवयीने दीर्घ लिहिली असली तरी म्हणताना आखूडच म्हणा, आणि ‘ज’ हा ‘जीभ’मधला. तो घसरून ‘ग’कडे गेला तर ‘नेगी’ होईल, म्हणजे कांद्याची पात. ‘बिसु’मधला ‘सु’ जवळजवळ अर्धाच ऐकू येतो.

नेजी, बिसु, बोरुतो : कोणता शब्द कोणाच्या तोंडी

‘नेजिरु’ म्हणजे पिळणे. ‘नेजी’ त्यातूनच आला. त्यामुळे तो स्क्रूपुरता मर्यादित नाही. बोल्टचे आटे, बाटलीच्या झाकणाचे आटे, चावीच्या खेळण्याची चावी, सगळीकडे तो चालतो. जपानी औद्योगिक मानकांच्या, म्हणजे जिसुच्या, कागदांत तो हिरागाना लिपीत साधेपणाने लिहितात. दुकानांच्या पाट्यांवर बहुतेक वेळा काताकाना दिसते. चित्रलिपीत लिहिलाच तर त्यातलं पहिलं चिन्ह बरेचदा शंख-गोगलगायीच्या कवचाचं असतं. तेच चिन्ह ‘रासेन’ म्हणजे मळसूत्री वळण या शब्दात येतं, आणि ‘रासेन काइदान’ म्हणजे मळसूत्री जिना. आपल्याकडे स्क्रू हा शब्द सगळीकडे पसरला, पण जुनं ‘मळसूत्र’ जिन्याला चिकटून राहिलं. जपानीत शंखाचं ते चिन्ह जिन्यातही आहे आणि स्क्रूतही. मला हा योग फार आवडतो.

‘बिसु’ फ्रेंच ‘व्हीस’वरून आला. सुतार, इलेक्ट्रिशियन आणि घराच्या आतलं काम करणारे कारागीर बहुधा हाच शब्द वापरतात. नेजी आणि बिसु यांच्यात काटेकोर सीमारेषा नाही आणि ती शोधत बसू नये. मी स्वतःपुरता एक ढोबळ नियम केला आहे, तो आजवर चुकला नाही. ड्रायव्हरने थेट लाकडात, पत्र्यात किंवा बोर्डात घालायचा तो बिसु. मागून नट लावायचा, पान्ह्याने आवळायचा तो ‘बोरुतो’. आणि यातलं काहीच ठरवायचं नसेल तेव्हा नेजी. कोणालाही तो कळतो, कुठेही चुकीचा ठरत नाही.

बोरुतोबद्दल एक इशारा. वीज मोजायचा व्होल्टही जपानीत बोरुतोच, दोन्ही अगदी सारखेच लिहितात. संदर्भ असला की अडत नाही, पण विजेच्या सामानाच्या दुकानात नुसतं ‘बोरुतो’ म्हणून थांबू नका. नटला ‘नात्तो’ म्हणतात. शेवटचा ‘ओ’ लांबवलात की आंबवलेले सोयाबीन होतात. वॉशरला ‘वाश्शाऽ’ किंवा शुद्ध जपानी ‘झागाने’. चपटा तो हिरा-झागाने, स्प्रिंगचा तो बाने-झागाने.

खिळा मात्र वेगळा, ‘कुगी’. आणि कागद टाचायची पिन तोक्योकडे ‘गाब्योऽ’, तर ओसाकाच्या बाजूला ‘ओशिपिन’. हे दोन शब्द पुढे भाड्याच्या घराच्या भानगडीत लागणार आहेत.

इथे थोडं मागे जाऊ. जपानमध्ये आटे पाडण्याची कला बंदुकीबरोबर आली, असं सांगतात. १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज आले, त्यांच्याकडे तोड्याच्या बंदुका होत्या. बेटाचा तरुण सरदार तानेगाशिमा तोकिताकाने त्या विकत घेतल्या आणि याइता किंबेए या लोहाराला तशाच बनवायला सांगितलं. नळी घडवणं त्याला जमलं, पण नळीचं मागचं तोंड बंद करणारा आट्यांचा स्क्रू अडला. बाहेरचे आटे डोळ्यांनी दिसतात, कानसीने घासून काढता येतात. त्याला जोडीचे आटे नळीच्या आत कसे पाडायचे, हे मात्र नुसतं बघून कळत नव्हतं. ते शिकून घेण्यासाठी किंबेएने आपली मुलगी वाकासा पोर्तुगीज माणसाला दिली, अशी कथा त्या बेटावर आजही सांगतात. कथेत इतिहास किती आणि आख्यायिका किती, हा भाग सोडा. बाहेरच्या आट्यांना ‘ओनेजी’ म्हणजे नर आणि आतल्यांना ‘मेनेजी’ म्हणजे मादी म्हणतात, हे दोन शब्द मला या कथेमुळेच पक्के लक्षात राहिले. तांत्रिक ड्रॉइंग वाचणाऱ्यांना ते रोज लागतात.

दुसरा प्रसंग १८६० चा. शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी शासकाच्या, दूतमंडळाबरोबर अमेरिकेला गेलेला ओगुरी तादामासा वॉशिंग्टनचा नौदल कारखाना बघून आला आणि येताना बरोबर एक स्क्रू घेऊन आला. गुन्मामधल्या तोऽझेंजी मंदिरात तो जपून ठेवला आहे. पुढे योकोसुकाचा पोलाद-जहाज कारखाना उभारण्यात याच माणसाचा पुढाकार होता. जपानमध्ये १ जून हा ‘नेजी नो ही’, स्क्रूचा दिवस मानतात. १९४९ मध्ये त्या तारखेला औद्योगिक मानकांचा कायदा जाहीर झाला. सुट्या भागांचं माप देशभर एक असणं किती मोलाचं आहे, हे टेबलाचा हरवलेला स्क्रू दुसऱ्या दुकानातून आणून चपखल बसवताना कळतं.

पहिला प्रश्न : कशात घालायचा?

लाकडासाठी जुना शब्द ‘मोकुनेजी’. मोकु म्हणजे लाकूड. बिजागरी, कडी, हँडल बसवायला हा घ्यावा. पण आज जपानी माणूस कपाट ठोकायला किंवा फळी जोडायला जातो तेव्हा ‘कोऽसु सुरेद्दो’ घेतो. याचे आटे मोठे आणि विरळ, टोक धारदार, मशिनने झटकन आत जातो. पाकिटावर ‘झेन-नेजी’ लिहिलं असेल तर आटे टोकापासून डोक्यापर्यंत आहेत, ‘हान-नेजी’ असेल तर अर्ध्यातच. दोन फळ्या घट्ट एकमेकींवर बसवायच्या असतील तर हान-नेजीच घ्या. वरच्या फळीत आटे अडकत नाहीत, त्यामुळे ती खालच्या फळीवर खेचली जाते. झेन-नेजीने दोन्हींच्या मधे फट राहते आणि कितीही आवळला तरी ती जात नाही. फळी पातळ किंवा कडेला जवळ असेल तर फुटू नये म्हणून ‘सुरिमु बिसु’ हा बारीक अंगाचा घ्या.

जिप्समच्या बोर्डासाठी ‘बोऽदो बिसु’. छताच्या पत्र्याच्या चौकटीवर बोर्ड लावणारा ‘केइतेन बिसु’ घरी सहसा लागत नाही, पण दुकानात त्याच कप्प्यात असतो, म्हणून चुकून उचलू नका. पत्र्यासाठी आणि प्लास्टिकसाठी ‘ताप्पिंगु नेजी’, जो स्वतःचे आटे स्वतः पाडत जातो. काँक्रीटसाठी ‘कोंकुरीऽतो बिसु’.

आधीच आटे पाडलेल्या भोकात जाणारा, टोक नसलेला छोटा स्क्रू म्हणजे ‘कोनेजी’. पंखा, स्विचची पाटी, संगणक, शिलाई मशिन, सगळीकडे हाच. डोकंच नसलेला, पूर्ण आत बुडणारा, ज्याला आपल्याकडे वर्कशॉपमध्ये ग्रब स्क्रू म्हणतात, तो ‘इमोनेजी’. दाराच्या मुठी सैल झाल्या की बहुतेक वेळा हाच ढिला झालेला असतो.

आणखी दोन वस्तू घरात हमखास लागतात आणि त्यांची नावं अंदाजाने कधीच सापडत नाहीत. मागे आटे आणि पुढे बंद कडी असलेला हूक म्हणजे ‘हीऽतोन’. पुढे उघडा आकडा असेल तर ‘योऽतो’, जो दिवा टांगायच्या आकड्यावरून पडलेला शब्द आहे. चौकटीत फोटो लटकवायला, पडद्याची दोरी बांधायला, तोरण लावायला हेच दोन.

दुसरा प्रश्न : डोकं कसं?

इथे जपानी स्वयंपाकघरात शिरते. वर घुमटासारखं फुगलेलं डोकं ते ‘नाबे’, म्हणजे पातेलं, अर्थात पालथं घातलेलं. आणि भोकात बुडून पृष्ठभागाशी सपाट होणारं ते ‘सारा’, म्हणजे ताटली. हे दोन शब्द आणि कोनेजी एकत्र करून नाबे-कोनेजी, सारा-कोनेजी अशी नावं तयार होतात, आणि दुकानातल्या निम्म्या खणांवर तीच असतात. नाबेपेक्षा रुंद आणि चपटं डोकं ‘तोरासु’. भोक जरा मोठं झालं असेल किंवा पातळ पत्रा धरायचा असेल तर तोरासु बरा. कोऽसु सुरेद्दोच्या डोक्याला ‘राप्पा’ म्हणतात, म्हणजे तुतारी. आकार बघितलात की लगेच पटतं.

षट्कोनी डोकं ‘रोक्काकु’. सहाला रोकु, कोनाला काकु. पान्ह्याने फिरवायचा तो रोक्काकु बोरुतो. डोक्यात षट्कोनी खड्डा असलेला ‘रोक्काकु आना’, त्याची वाकडी चावी ‘रोक्काकु रेंची’. हाताने फिरवायच्या पंखवाल्या नटला ‘चोऽ नात्तो’, फुलपाखरू-नट. बिजागरीलाही ‘चोऽत्सुगाइ’ म्हणतात आणि तिच्यातही तेच फुलपाखरू असतं.

डोक्यावरच्या खाचेला दोन सोपे शब्द आहेत. फुली असेल तर ‘पुरासु’, सरळ चीर असेल तर ‘माइनासु’. अधिक आणि वजा. ड्रायव्हर हा ‘दोराइबाऽ’, म्हणून पुरासु दोराइबाऽ आणि माइनासु दोराइबाऽ. जुनी माणसं ‘नेजिमावाशी’, म्हणजे नेजी फिरवणारा, असंही म्हणतात.

पुरासु ड्रायव्हरला नंबर असतात आणि त्याकडे दुर्लक्ष केलं की स्क्रूचं डोकं जातं. ३ ते ५ मिमी जाडीच्या स्क्रूला २ नंबर, ‘निबान’. २.५ मिमीच्या आसपास १ नंबर, ‘इचिबान’. ६ मिमीला ३ नंबर, ‘सानबान’. घरात एकच ठेवायचा तर निबान ठेवा, कोऽसु सुरेद्दोही त्यानेच जातो. भारतातून आणलेला ड्रायव्हर जपानी स्क्रूत बसतोसा वाटतो, पण जोर लावला की घसरतो, हे मी दोनदा बघितलं. टोकाचा कोन आणि घडण जरा वेगळी असली तरी हे होतं. तिथला एक चांगला निबान विकत घ्या. सगळ्या खरेदीत हा सल्ला मी सगळ्यात आग्रहाने देते.

तिसरा प्रश्न : माप

आपल्याकडे लाकडाचा स्क्रू ‘आठ नंबरचा दीड इंची’ असा मागतात. जपानमध्ये दोन्ही मापं मिलिमीटरमध्ये. पाकिटावर आधी जाडी, मग लांबी. ८ नंबर म्हणजे साधारण ४.२ मिमी, ६ नंबर म्हणजे ३.५ मिमी. कोऽसु सुरेद्दोची सर्वांत जास्त मिळणारी जाडी ३.८ मिमी आणि लांबी २५, २८, ३२, ३८, ४१, ५१, ५७, ६५ अशी. हे आकडे विचित्र वाटतात, पण सवयीच्या डोळ्यांना त्यातले बरेच इंचच दिसतील : २५ म्हणजे एक इंच, ३२ म्हणजे सव्वा, ३८ म्हणजे दीड, ५१ म्हणजे दोन, ५७ म्हणजे सव्वादोन. त्यामुळे घरी जे माप डोक्यात धरलं असेल त्याला जोडीचं माप मिळतंच. लांबी ठरवायची तर वरच्या फळीच्या जाडीच्या दुप्पट ते अडीचपट.

कोनेजी आणि बोरुतोच्या मापाला ‘एमु’, म्हणजे इंग्रजी एम अक्षर, असतं. एमु ४ म्हणजे आट्यांच्या बाहेरचा व्यास ४ मिमी. एमु ४ ची लांबी २० असेल तर दुकानात ‘एमु योन नो निजूऽ’ म्हणा. लांबी मोजताना एक फरक लक्षात ठेवा. नाबेची लांबी डोक्याच्या खालून टोकापर्यंत, पण साराची डोक्यासकट, कारण ते डोकं आत बुडतं. जुन्या साराची लांबी डोकं वगळून मोजलीत तर नवा आखूड येईल. एमु ३ चे दोन आटे अर्धा मिमी अंतरावर, एमु ४ चे ०.७, एमु ५ चे ०.८, एमु ६ चे पूर्ण १ मिमी. जुन्या जपानी यंत्रांत एमु ३ चे आटे ०.६ अंतराचे सापडतात. नवा स्क्रू दोन-तीन वेढ्यांनंतर जड जायला लागला तर जोर करू नका, बाहेर काढा आणि जुना बरोबर घेऊन दुकानात जा. पान्ह्यांचं सांगायचं तर एमु ८ च्या डोक्याला बहुधा १३ चा आणि एमु १० ला जपानमध्ये १७ चा पान्हा लागतो.

आता माझा आवडता भाग. छतातून एसीचं युनिट किंवा पाइप टांगायला आट्यांची लांब सळई लावतात, तिला ‘झुंगिरी बोरुतो’ म्हणतात. तिचं माप तिथले कारागीर मिलिमीटरमध्ये सांगत नाहीत, ‘सानबु’ आणि ‘योनबु’ म्हणतात. सानबु म्हणजे तीन बु, आणि हा बु म्हणजे इंचाचा आठवा भाग. आपला सूत! सांगलीला आमच्या आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानात ‘तीन सुताचा बोल्ट’ म्हणून जे मिळायचं तेच हे सानबु. योनबु म्हणजे चार सूत, अर्धा इंच. जपानच्या जुन्या शाकू मापातला बु ३.०३ मिमीचा आणि इंचाचा आठवा भाग ३.१७५ मिमीचा, दोघे अगदी लगतचे. कारागिराच्या तोंडून पहिल्यांदा ‘सानबु’ ऐकून मी ‘तीन सूत’ असा हिशोब केला आणि तो तंतोतंत जुळला, तेव्हा मला घरच्यासारखं वाटलं.

मुलामा बघून घ्या

खणावर किंवा पाकिटावर धातूचं नाव असतं. ‘सुतेनरेसु’ म्हणजे स्टेनलेस, कारागीर त्यालाच ‘सासु’ म्हणतात. ‘तेत्सु’ म्हणजे लोखंड, ‘शिंचूऽ’ म्हणजे पितळ. चकचकीत चांदीच्या रंगाच्या जस्ताच्या मुलाम्याला ‘युनिकुरो’ म्हणतात. कपड्यांच्या प्रसिद्ध दुकानाचं नाव जपानीत हुबेहूब असंच, पण दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. युनिकुरो घरातल्या कोरड्या जागेला ठीक. न्हाणीघर, बाल्कनी, स्वयंपाकघराचं सिंक यांना सासुच घ्या. जपानी पावसाळा कोकणाइतका नसला तरी जून-जुलैत युनिकुरोचा स्क्रू बाल्कनीत लाल व्हायला वेळ लागत नाही.

दुकानात

मोठं दुकान ‘होऽमु सेंताऽ’. काइंझु, कोऽनान, कोमेरी ही नावं गावोगाव दिसतात. स्क्रूंचा विभाग ‘कानामोनो’ या पाटीखाली असतो, म्हणजे धातूचं सामान. साधा स्क्रू हवा असेल तर दाइसो किंवा सेरियासारख्या शंभर येनच्या दुकानातही छोटी पाकिटं असतात. तिथल्या फोटो लटकवायच्या वस्तू मला आवडतात, पण वजन पेलायचं असेल तर स्क्रू होऽमु सेंताऽमधूनच घ्यावा असं माझं मत आहे.

सगळ्यात उपयोगी वाक्य हे : ‘कोरे तो ओनाजी नेजी वा आरिमास का?’ याच्यासारखाच नेजी आहे का? हातात जुना स्क्रू धरा आणि म्हणा. जुना नसेल तर ज्या भोकात जायचा तो भाग घेऊन जा. नट शोधत असाल तर ‘कोरे नी आऊ नात्तो वा आरिमास का?’, याला बसणारा नट आहे का. थोडा लांब हवा असेल तर ‘मोऽ सुकोशी नागाइ नो वा आरिमास का?’, आखूड हवा तर नागाइच्या जागी मिजिकाइ. गंज न चढणारा हवा तर ‘साबिनाइ नो गा इइ देस’. आणि पन्नासाचं पाकीट नको, सुटे हवेत, तर ‘बारा दे काएमास का?’. हा ‘बारा’ आपला बारा नव्हे, ‘सुटे’ असा त्याचा अर्थ.

संख्या सांगताना स्क्रू, बोल्ट आणि खिळे लांबट म्हणून ‘होन’ने मोजतात आणि तो आकड्यागणिक बदलतो : इप्पोन, निहोन, सानबोन, योनहोन, गोहोन, रोप्पोन, नानाहोन, हाप्पोन, क्यूऽहोन, जुप्पोन. नटला ‘को’, चपट्या वॉशरला कागदासारखं ‘माइ’. चार स्क्रू आणि चार नट हवेत, तर ‘नेजी ओ योनहोन, नात्तो ओ योनको’. होनमध्ये चूक झाली तरी कोणी अडवत नाही, बोटं दाखवा.

बसवताना

सुटं कपाट किंवा पलंग घेतलात तर आतल्या पुस्तिकेत तीन क्रियापदं पुन्हा पुन्हा येतात. ‘शिमेरु’ म्हणजे आवळणे, ‘युरुमेरु’ म्हणजे सैल करणे, ‘हाझुसु’ म्हणजे काढणे. त्यांच्याआधी येणारे छोटे शब्द जास्त महत्त्वाचे. ‘कारिजिमे’ म्हणजे तात्पुरतं, हलकं आवळणं. ‘होनजिमे’ म्हणजे शेवटचं, पक्कं. पुस्तिकेत सगळे स्क्रू आधी कारिजिमे करा आणि चौकट काटकोनात आल्यावर होनजिमे करा असं लिहिलेलं असतं. ते शब्दशः पाळा. पहिलाच स्क्रू पक्का केला तर शेवटच्या कोपऱ्यात भोकाला भोक जुळत नाही, मग जोर लागतो आणि लाकूड फुटतं. काही महिन्यांनी पुन्हा आवळणं म्हणजे ‘माशिजिमे’. मुलांच्या पलंगाला ते दर सहामाहीस करावं. ‘मिगी मावारी’ म्हणजे उजवीकडे फिरवणे, आवळायची बाजू. ‘हिदारी मावारी’ सैल करायची.

लाकडात घालण्याआधी बारीक भोक पाडा. त्याला ‘शिताआना’ म्हणतात. स्क्रूच्या जाडीच्या सुमारे सात दशांश पुरे. कोऽसु सुरेद्दो थेट जातो म्हणून लोक हे टाळतात, पण फळीच्या कडेपाशी टाळू नका.

आणि डोकं गेलं तर? आपण ‘स्क्रू स्लिप झाला’ म्हणतो, आटे गेले तर ‘आटे मेले’. जपानी कारागीर म्हणतो ‘नेजी गा नामेता’. नामेरु म्हणजे चाटणे. फुली चाटूनपुसून गुळगुळीत झाल्यासारखी. यावर मी हा क्रम धरते : आधी ड्रायव्हरच्या टोकाखाली रबरबँड, ‘वागोमु’, धरून जोराने दाबत हळू फिरवायचा, मग खाचेत घालायचं घसरण थांबवणारं द्रव, ‘सुबेरिदोमे एकी’, आणि डोकं वर असेल तर ‘नेजिझाउरुसु’. ही ओसाकाच्या एका कंपनीची पक्कड आहे, गोल डोकंही बाजूने घट्ट पकडते. नावात डायनोसॉर आहे आणि काम तसंच करते. दुकानात सांगायचं असेल तर ‘नेजी गा नामेते शिमाइमाशिता’ एवढं पुरतं, कर्मचारी थेट त्या कप्प्याशी नेऊन उभा करतो.

भिंत आणि भाड्याचं घर

जपानी घराच्या आतल्या भिंती बहुतेक जिप्समच्या, ‘सेक्कोऽ बोऽदो’च्या, ९.५ किंवा १२.५ मिमी जाडीच्या. तिच्यात सरळ कोऽसु सुरेद्दो घातला तर तो फिरतो, धरत नाही, आणि एक दिवस भुगा पाडत बाहेर येतो. त्यामागचा लाकडी किंवा पत्र्याचा उभा आधार शोधावा लागतो, त्याला ‘शिताजी’ म्हणतात. लाकडी घरात हे आधार ३०३ किंवा ४५५ मिमी अंतरावर असतात, म्हणजे एक किंवा दीड शाकूवर. भिंतीला टकटक करून आवाज बदलतो तिथे अंदाज घ्या, मग ‘शिताजी सागाशी’ या सुईच्या साधनाने खात्री करा. आधार सापडत नसेल तर ‘बोऽदो अंकाऽ’ घ्या आणि पाकिटावर लिहिलेल्या वजनाच्या पुढे जाऊ नका.

भूकंपासाठी कपाटं भिंतीला बांधणं हे तिथलं खरं गरजेचं काम. इंग्रजी एल अक्षरासारख्या पट्टीला ‘एरु-गाता कानागु’ म्हणतात. ती शिताजीतच स्क्रू करा; नुसत्या बोर्डात केली तर हादऱ्यात बोर्डासकट सुटते. भाड्याच्या घरात स्क्रूची परवानगी नसेल तर कपाट आणि छत यांच्यामध्ये बसणारा ‘त्सुप्पारी बोऽ’ हा खांब लावा आणि कपाटाच्या पुढच्या पायांखाली पाचर सारा.

आता भाडेकरूंचा प्रश्न. घर सोडताना मूळ स्थितीत द्यायचं, याला ‘गेंजोऽ काइफुकु’ म्हणतात आणि त्यावरून ठेव कापली जाण्याची भीती प्रत्येकाला असते. जपानच्या तेव्हाच्या बांधकाम मंत्रालयाने यावर १९९८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि नंतरच्या भूमी व वाहतूक मंत्रालयाने २००४ व २०११ मध्ये ती सुधारली. त्यांत आपल्या शब्दांचा थेट उल्लेख आहे. गाब्योऽ किंवा पिनची भोकं, ज्यांनी मागचा बोर्ड बदलावा लागत नाही, ती नेहमीच्या वापरात धरली जातात आणि खर्च घरमालकाचा. जड वस्तू टांगायला पाडलेली, बोर्डच बदलावा लागेल अशी कुगीची आणि नेजीची भोकं भाडेकरूच्या खर्चात. ही तत्त्वं कायदा नाहीत, करारात वेगळी अट असू शकते, म्हणून स्क्रू लावण्याआधी करार वाचा आणि एजंटला विचारा : ‘काबे नी नेजी ओ त्सुकात्तेमो इइ देस का?’, भिंतीत नेजी वापरला तर चालेल का? विचारून, तोंडी नव्हे तर ईमेलवर उत्तर घ्या. गणपतीचा फोटो किंवा घड्याळ एवढंच लावायचं असेल तर तीन-चार बारीक सुयांवर टांगणारे हूक मिळतात, त्यांची भोकं पिनच्याच जातीची.

घरात आधीपासून असलेला पडद्याचा दांडा, टॉवेलची दांडी किंवा दिवा तुम्ही काढून ठेवणार असाल, तर त्यांचे स्क्रू एका छोट्या पिशवीत घाला. पिशवीवर चिकटपट्टी लावून कुठला भाग, किती होन आणि कोणत्या भोकातले ते लिहा आणि ती त्या वस्तूलाच बांधून कपाटात ठेवा. घर सोडायच्या दिवशी निबान घ्या, आधी सगळे कारिजिमे, मग होनजिमे.